हेळव्याच्या चोपडीतली तानाबाई

हेळवी भरमाप्पा तीन वर्षांनी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत आला. त्याचे वाडवडील बैलावर बसून यायचे, हा मोटारसायकलवरून आला. चोपडी मात्र तीच, पणज्यापासूनची, लाल फडक्यात बांधलेली. कोण जन्मलं, कोण गेलं, लेक कुठं दिली, हे घरधनी सांगेल तसं लिहायचं, मोठ्यानं वाचून दाखवायचं आणि पायलीभर जोंधळा घेऊन पुढचं दार गाठायचं, हा हेळव्यांचा पिढीजात धंदा.

या खेपेला जोतीराम त्याची वाटच बघत होता. कुठून कुठून पत्ता काढून डरबनच्या एका बाईनं त्याला पत्र पाठवलं होतं. तिची पणजी तानाबाई, बापाचं नाव पिराजी, मुक्काम कोल्हापूर. १९०९ साली मद्रासहून जहाजानं उसाच्या मळ्यावर मजुरीला गेली, तिथंच पाच मुलं झाली, १९६१ साली वारली. ही तुमच्यातलीच का, एवढंच तिला हवं होतं.

पिराजी म्हणजे जोतीरामचा पणजा. आणि तानाबाई तरणीताठी असताना पटकीत गेली, असं घरात सगळ्यांना पाठ होतं. पितृपक्षात तिच्या नावाचं एक पान निराळं वाढायची रीत होती. ते पान गच्चीवर ठेवून कावळ्याला हाका मारायचं काम चाळीस वर्षं जोतीरामकडंच होतं.

"पिराजीचं काढ," तो म्हणाला.

भरमाप्पानं चष्मा लावला. "पिराजीला दोन ल्योक, एक लेक. लेक तानाबाई. सासरहून माघारी आली, बापानं उंबऱ्यात घेतली न्हाय. मयत."

"मेली न्हवती ती. बावन्न वर्सं जगली की तिकडं."

"मालक, पिराजीनं सांगितलं मयत, माझ्या पणज्यानं लिवलं मयत. आमी घरधन्याच्या शब्दाबाहीर न्हाय."

म्हणजे आजोबानं आणि बापानं वर्षानुवर्षं जित्या बाईचं पान कावळ्याला घातलं होतं. एवढं कळूनही जोतीरामला काही वाटेना. आठ वर्षांत त्याला कशाचंच फारसं वाटलेलं नव्हतं. संयोगितानं, म्हणजे बायकोनं, समोर ठेवलेल्या चहावर साय धरली.

"आता तुमचं," भरमाप्पा पानं उलटत म्हणाला. "ल्योक पृथ्वीराज. लेक तेजस्वी. गेल्या खेपेला तुमी म्हणालता, तिचं ऱ्हाऊ दे. जागा मोकळी ठेवलीया. काय लिवू?"

आठ वर्षांपूर्वी तेजस्वीनं जातीबाहेरच्या पोराशी लग्न केलं, त्या दिवशी भर गल्लीत उभं राहून जोतीराम ओरडला होता, माझी लेक मेली. तालमीतली पोरं खेळ थांबवून बघत राहिली होती. लोक काय, दोन दिवस बोलून विसरले. हाच आपल्या शब्दाला चिकटून बसला.

भरमाप्पा पेन धरून थांबला. मोकळी जागा दोन बोटांची होती.

"जित्ती हाय म्हणून लिव," जोतीराम म्हणाला.

"ते झालं. दिली कुठं? पोरंबाळं?"

त्याला ठाऊक नव्हतं. जोंधळ्याचं सूप घेऊन दारात आलेली संयोगिता मात्र न अडखळता बोलली, "वारणानगर. जावई शिवशरण, डेअरीत हाईत. थोरली शांभवी सहा वर्सांची, धाकटा राजवीर तिसऱ्यात."

"दोन?" जोतीराम म्हणाला. "तुला कसं ठावं?"

"दर पुनवंला नृसिंहवाडीला म्हणून मी घरनं निघायची न्हवं? कुठं जायाची वाटलं तुमास्नी?"

"आन परसादाचं पेढं?"

"जावई देत्यात बांधून. आठ वर्सं खाताय की."

तिनं खाली मान घालून भरमाप्पाच्या पिशवीत जोंधळा ओतला.  जोतीराम भिंतीला धरून उठला.

"लिवलंस?"

"लिवलं."

"मग हितं बसून नगं वाचू," तो म्हणाला. "भाईर गल्लीत हुबा ऱ्हा आन मोठ्यानं वाच."