इहिणीचं ताट

सोयरीक ठरवाले चंद्रपूरच्या हॉटेलात जमायचं, हे डोकं आमच्या पोरीच्या, पुनमच्या बाबाचं. आमी सिंदेवाहीचे, पोरगा आदेश गोंडपिपरीचा, म्हणून मधातलं ठिकाण. तिथी म्हणे देशी आन् चायनीज एकत्र, पोट फुटेस्तोवर खा. मी म्हटलं, घरी कोंबडा कापू. पण बायकोचं ऐकन तो नवरा कसचा.

पोराइचं मन जुळलं होतं. होकार बाकी होता तो आदेशच्या आईचा, गुणाबाईचा.

"जा बाई, घ्या आपल्या हातानं," पुनमचे बाबा गुणाबाईले म्हणाले, आन् सोता ताट घेऊन मंचुरियनकडं गेले.

गुणाबाई हलली नाई. रिकाम्या ताटाकडं पाहत बसली.

"मले भूक नाई," ती आदेशले म्हणाली. "चाल, बस भेटन आता."

पुनमचं तोंड एवढुसं झालं. तवा माह्या डोक्यात उजेड पडला. सोयऱ्याच्या घरी कोणी आपल्या हातानं घेऊन खाते का? वाढणारं पाहिजे, आग्रह पाहिजे. आन् आमी त्या बाईले भंडाऱ्यासारखं लायनीत उभं करून राह्यलो होतो. असा राग आला मले पुनमच्या बाबाचा!

पदर खोचला, पुलावाचं भांडंच उचललं. वेटर धावत आला. "बाई, इथी सेल्फ सर्व्हिस आहे."

"असन बापा. माह्या पाव्हण्याइले नाई."

शेजवान पुलाव वाढला, चिली पनीर वाढलं. "घ्या बाई, माही शपथ आहे." मंग नूडल्स आणल्या, तं गुणाबाईनं ताटावर हात आडवा धरला. मले बरं वाटलं. रुसलेलं माणूस हात आडवा धरत नाई, उठून जाते. मी बोटाइच्या फटीतूनच नूडल्स सोडल्या.

"या शेवयाइले तिखट कोणं लावलं वो?" गुणाबाई म्हणाली आन् हासली. हासली तशी जेवाले लागली.

बाजूच्या टेबलावरच्या एका बुढ्यानं ताट पुढं केलं. "बाई, इकडंबी येऊ द्या." त्यालेबी वाढलं. वेटर बिचारा भांडं धरून माह्या मागं मागं. हॉटेलाची पंगत करून टाकली मी.

सोयरीक पक्की होयेस्तोवर आमच्याकडं पोराची माय आन् पोरीची माय एकमेकीले नात्यानं हाक मारत नाई. मीबी सकाळपासून नुसतं 'बाई, बाई'च करत होती.

जेवण झाल्यावर गुणाबाई उठली. माह्या हातातला चमचा घेतला आन् मले खुर्चीवर बसवलं.

"बसा आता, इहीणबाई," ती म्हणाली. "माह्या हातचं घ्या."

मी काई ताटावर हात आडवा धरला नाई.