हात धरून केलेली सही

सकाळची लापशी भरवून झाली, की मिसेस प्रुडनच्या सह्यांचं काम असे. वय अठ्ठ्याऐंशी, कंपवाताने हात सतत थरथरणारे. ख्रिसमसचं कार्ड असो की डॉक्टरांचा कागद, पेन त्यांच्या बोटांत आणि त्यांचा हात त्यांना सांभाळणाऱ्या ओडेसाच्या हातात, असं सहा वर्षं चाललं होतं. त्यामुळे त्या मंगळवारी शेजारच्या कॅरल वेंट्झबाईंनी टेबलावर कागद ठेवला, तेव्हा ओडेसाने सवयीने हात धरला. सही सुरेख आली. मग तिने वरचा मजकूर वाचला.

वेदरली या अमेरिकेतल्या गोऱ्यांच्या गावात बंद शाळेच्या जागी साठ परवडणारी घरं होणार होती, त्याला विरोध करणारा तो अर्ज होता. रहदारी वाढेल, झाडं जातील, गावाचं रूप बिघडेल. ओडेसासारख्या काळ्या माणसांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. वेदरलीची माणसं शिकलेली. असलं काही कागदावर लिहीत नाहीत.

"मॅडम, त्या घरांच्या यादीत माझं नाव आहे," कॅरलबाई गेल्यावर ओडेसा म्हणाली. "दोन खोल्यांचं घर. तिसरा नंबर."

"अगं, मग आधी नाही का बोलायचं! आणि तुझी गोष्ट वेगळी. तू तर आमचीच."

"आमचीच, तर मग मी राहायचं कुठं?"

म्हातारीने चहा मागितला. त्या मनाने वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर ओडेसाला रागवायला सोपं गेलं असतं.

ओडेसा टिब्स राहत होती गावाबाहेर, हायवेवरच्या मोटेलात, एका खोलीत. लेक वारल्यापासून दोन नाती तिच्याकडे. न्हाणीच्या भिंतीवर काळी बुरशी. कितीही घासली तरी आठवड्यात परत यायची. धाकट्या जनेलला दमा. या हिवाळ्यात दोनदा रुग्णवाहिका आली होती. दुसऱ्या वेळी पोरीचे ओठ निळे पडले होते, आणि डॉक्टर म्हणाले होते, "आजी, औषध आहे हो, पण हिला त्या खोलीतून काढा." काढून न्यायचं कुठं?

गुरुवारी संध्याकाळी गावाच्या जमीन-वापर समितीची सुनावणी होती. बोलणाऱ्याने आधी नाव-पत्ता सांगायचा, गावातल्यांनी आधी बोलायचं, बाहेरच्यांनी वेळ उरला तर. वेळ उरला नाही. इथल्या तिघा म्हाताऱ्यांना ओडेसाने न्हाऊ-माखू घातलं होतं, पण तिचा पत्ता बाहेरचा.

शेवटी समितीच्या सभासद म्हणून कॅरलबाईच उठल्या. "आपण दुष्ट नाही हो. घरं होऊ द्या, पण सगळी एका खोलीची. म्हणजे पोरंटोरं येणार नाहीत, आणि शाळेवर भार पडणार नाही."

टाळ्या पडल्या. ठराव पास झाला. आपण फार शहाणपणाने वागलो, असं समजून माणसं घरी निघाली.

बिल्डरची तरुण वकील मात्र ओडेसाला दाराशी गाठून म्हणाली, "रंगाबद्दल बोलायचं नाही, एवढंच यांना पाठ आहे. मुलंबाळं आहेत म्हणून घर नाकारायलाही देशाच्या कायद्याने बंदी आहे, आणि तो कायदा गावच्या समितीलाही लागू होतो. बाईंचं बोलणं टेपवर आहे. तुम्ही तक्रार कराल?"

"घर कधी मिळेल?"

"दोन वर्षं. कदाचित तीन."

"माझी पोर एवढी थांबेल का गं?"

वकिलीणबाईंनी तक्रारीचा फॉर्म पुढे केला. ओडेसाने तो घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कॅरलबाई नवा कागद घेऊन हजर झाल्या. त्यांना कुणीतरी सावध केलं असावं. 'सभेत मुलांविषयी कुणीही काही बोललं नाही,' असं सभेला हजर असलेल्यांनी लिहून द्यायचं होतं. मिसेस प्रुडन पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. ओडेसानेच त्यांची चाकाची खुर्ची ढकलत नेली होती.

म्हातारीने पेन घेतलं आणि सवयीने हात पुढे केला. ओडेसाने आपले दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ओडेसा?"

"लापशी भरवीन मॅडम, न्हाऊ घालीन, रात्री पाठ चोळून देईन. याला हात नाही लावणार."

"तू इथं नोकरीला आहेस, विसरू नकोस," कॅरलबाई म्हणाल्या.

"नाही विसरले, बाई. म्हणून तर मंगळवारी हात धरला होता. नातीचं घर मी माझ्याच हाताने घालवलं. तक्रारीवर सही करून आलेय मी. आता काढायचं तर काढा."

तिने हात पाठीमागेच ठेवले. 

मिसेस प्रुडननी पेन कागदावर टेकवलं. ते थरथरत एक वाकडी रेघ ओढत गेलं आणि थांबलं. म्हातारीने पेन खाली ठेवलं.

"कॅरल," त्या हळूच म्हणाल्या, "तू बोलली होतीस गं. मी ऐकलं."