हँडल डावीकडे

टेम्पोतून उतरवलेली बाबांची गाडी जिलानीचाचांनी पहिल्याच किकला सुरू केली.

ही गाडी गेले तीन महिने उमरीच्या आमच्या घरी निपचित उभी होती. तिथला मिस्त्री दोनदा घरी येऊन गेला. त्याने प्लग बदलला, टाकी साफ केली आणि शेवटी ‘करंटच येईना, कॉइल गेलं असेल’ असं सांगून हात झटकले. मी लातूरहून रजा टाकून आले आणि गाडी टेम्पोत घालून नांदेडला जिलानीचाचांच्या गॅरेजात आणली. वीस वर्षं ती त्यांच्याच हाताखालची होती.

“सासरी रडती अन् माहेरी हसती,” फडक्याला हात पुसत ते म्हणाले. “तुझी गाडी लई नखऱ्याची हाय, तनुजा.”

मी हसले नाही. गाडी सुरू व्हावी एवढ्यासाठी मी ती आणलीच नव्हती.

“चाचा, ती सुरू का होत नव्हती ते मला कळायला हवं.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, इंजिन बंद केलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

मार्चमध्ये एका सकाळी बाबा डोळे तपासायला नांदेडला निघाले होते. गाडी सुरू होईना. आई म्हणते, वीस-पंचवीस किका तरी मारल्या असतील. मग ते चालत बसस्थानकावर गेले, बाकावर बसले आणि तिथून उठले नाहीत. हृदय आधीच थकलेलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते मी ऐकून घेतलं. पण मधल्या त्या वीस-पंचवीस किका माझ्या डोक्यातून जात नव्हत्या. कारण दिवाळीत हँडलला मोबाइलचा चार्जर मी बसवून घेतला होता. बाबा चार्जिंग वाचवायला फोन बंद ठेवायचे आणि लातुरात माझा जीव टांगणीला लागायचा. चार्जरवर लाल दिवा होता. तो रात्रंदिवस जळायचा.

हे मी कुणाशीच बोलले नव्हते. चाचांना सांगितलं.

“चार्जरनं बॅटरी उतरली असेल, म्हणून गाडी सुरू झाली नसेल का?”

त्यांनी साइड कव्हर काढलं, बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडवल्या आणि बॅटरी उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

“पकड. आता मार किक.”

बॅटरी स्टुलावर ठेवून मी किक मारली. गाडी सुरू झाली.

“नव्या गाड्यांचं येगळं. हिच्या आत चुंबक फिरतंय, ठिणगीचा करंट तिथूनच. बॅटरी हॉर्नला अन् इंडिकेटरला. तुझ्या बापाला, दगडोबाला हे ठाऊक होतं. लाइनमन होता तो. तुला नाही सांगितलं?”

“मी कधी विचारलंच नाही.”

बॅटरी पुन्हा जागेवर गेली. चार्जर निर्दोष सुटला होता. मला हलकं वाटायला हवं होतं, पण मग त्या सकाळी काय झालं होतं? चाचांनाही आता तेच खुपत होतं. त्यांचा चहा तसाच राहिला.

“घरी गाडी कुठं उभी ऱ्हाते?”

“जिना आणि हौदाच्या मधल्या बोळात.”

“कशी?”

मी आठवून सांगू लागले. बोळ अरुंद म्हणून हँडल पूर्ण डावीकडे वळवलेलं. रस्त्यावर सिमेंटचे थर चढत गेले आणि घर खाली राहिलं, त्यामुळे बाबा गाडी आतच सुरू करायचे आणि इंजिनच्या जोरावर वर काढायचे. म्हणजे बाबा काय, मिस्त्री काय, किक मारताना हँडल...

चाचा उठलेच. मधल्या स्टँडवर उभ्या गाडीचं हँडल त्यांनी डावीकडे वळवलं आणि किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. काही नाही. हँडल सरळ केलं. सुरू.

“वा रे बेटा,” ते गाडीला म्हणाले.

मग त्यांनी प्लग काढून त्याच्या वायरीच्या टोपीत खोचला आणि इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरला. “मी किक मारतो. तू हँडल फिरव. हळू.”

प्लगच्या टोकावर बारीक निळी ठिणगी उडत होती. हँडल वळवत नेलं तशी एका जागी ती थांबली. मागे आणलं, परत आली. मी चार-पाच वेळा तेच केलं. शेवटी चाचांनी दम लागल्यावर पाय काढून घेतला.

“बस कर. माझंबी वय झालं.”

हेडलाइटमागे, हँडलच्या मानेशी, वायरींचा जुडगा होता आणि त्याला आवळून बसलेली एक बारीक लोखंडी तार. हँडल वळलं की ती ताणून आत रुतत होती. खालच्या एका वायरीचं कातडं तिने हळूहळू कापत आणलं होतं.

“चावी बंद केली की हीच वायर बॉडीला टेकती अन् ठिणगी मरती,” चाचा म्हणाले. “इथं तारेतून टेकली. गाडीला वाटायचं, चावी बंदच हाय. दसऱ्याच्या हाराची तार ही. हार काढतेत, तार ऱ्हाते.”

दसऱ्याचा हार मी बांधला होता.

चाचांनी तार कापून उजेडात धरली. “पीळ बघ, उलटा. डावखुऱ्याचा. दगडोबाचीच पक्कड लागलीय हिला.”

मी तार हातात घेतली. पिळाच्या आत जांभळ्या लोकरीचा धागा चिणलेला होता, त्यात झेंडूचं एक वाळकं देठ. त्या दिवशी घरातला दोरा संपला म्हणून मी आईच्या लोकरीत हार ओवला आणि त्याच लोकरीने हेडलाइटला बांधला होता. “पहिल्या गतिरोधकालाच पडतंय हे,” बाबा म्हणाले होते. “पडू द्या, पूजा तर झाली,” म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने लातूरला निघून गेले. त्यानंतर केव्हातरी त्यांनी पक्कड घेतली असणार. लोकर न सोडता वरून तार आवळली होती. चांगली घट्ट.

चाचांनी वायरीला टेप गुंडाळला, जुडगा मोकळा केला आणि हँडल डावीकडे वळवून गाडी माझ्या पुढ्यात ठेवली. मी किक मारली. सुरू झाली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

“त्यांच्या गाडीचा आवाज का गं हा?”

“हो.”

“चालू राहू दे जरा,” ती म्हणाली. मग म्हणाली, “काय निघालं?”

“हाराची तार रुतली होती वायरीत.”

“कुणी बांधलेली?”

तार अजून माझ्या मुठीत होती.

“आम्ही दोघांनी,” मी म्हणाले.