पुंडलिकरावांचं तेल

दिवाकर उमाळकरची नवी गाडी तेल पीत होती. पेट्रोल नव्हे, पेट्रोल सगळ्याच पितात. ही इंजिनचं ऑइल पीत होती, आणि तेही अशी की खाली थेंब सांडत नव्हता, मागून धूर निघत नव्हता. जबलपूरजवळ महाराजपूरच्या कॉलनीत प्रत्येकालाच गाड्यांतलं कळतं, निदान प्रत्येकाला तसं वाटतं. संध्याकाळी फाटकाशी उभं राहून लोक फुकटचे सल्ले देत. शेजारचे हेमचंद्र काका तर बोनेटमध्ये अर्धे शिरून आले आणि म्हणाले, "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, दिवाकर. हिचे दिसून राहिले."

दिवाकर सरकारी कारखान्यात तपासनीस होता. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढणं हेच त्याचं काम, त्यामुळे आपल्याच दारात अशी खोट असलेली वस्तू उभी असल्याचा त्याला संताप येई. पण त्याच्याकडे वॉरंटी होती. काहींची देवावर श्रद्धा असते, दिवाकरची वॉरंटीवर होती. ती जाऊ नये म्हणून त्याने गाडीत कधी साधा रेडिओसुद्धा बाहेरून बसवून घेतला नाही.

याच गाडीत त्याचे वडील गेले होते. पुंडलिकराव आणि आई अनसूयाबाई मझौली गावी राहत. थोडी शेती, बाजारात जुनं किराणा दुकान. पुंडलिकरावांच्या छातीत कळ आली तसा दिवाकर गाडी घेऊन धावला. त्यांना अनवाणीच उचलून मागच्या सीटवर आईच्या मांडीवर निजवलं आणि जबलपूरच्या दिशेने सुटला. सिहोऱ्याच्या अलीकडे, वीटभट्टीजवळ, म्हातारा म्हणाला, "थांबव जरा." दिवाकर थांबला नाही. कोण थांबेल? दवाखाना गाठायचा होता. थोडं पुढे गेल्यावर मागून आई म्हणाली, "आता हळू चालव. घाई नाही राहिली."

आपल्याकडे माणूस जिथे जातो तिथे दिवा लावतात, वात दक्षिणेकडे करून. दहा दिवस तो विझू द्यायचा नाही. शेजारी पीठ पसरून वर टोपली झाकायची. जाणारा जाताना पिठावर खूण ठेवून जातो. गुरुजींनी विचारलं, "जीव कुठे गेला?"

"गाडीत," अनसूयाबाई म्हणाल्या. "दिवा गाडीतच पाहिजे."

दिवाकर ताडकन् बोलला, "आई, नव्या गाडीत जळता दिवा? एखादी वायर जळली तर वॉरंटी गेली समज."

गुरुजी व्यवहारी माणूस. म्हणाले, "देह जिथे ठेवला तिथे लावा, चालते." चलो, प्रश्न मिटला. दिवा महाराजपूरच्या घरात, हॉलच्या कोपऱ्यात लागला.

दहा दिवस तो जळला, आणि दहा दिवसांत त्यातलं तेल कमी झालं नाही. अनसूयाबाईंना वाटे सुनेने, विभावरीने घातलं असेल. विभावरीला वाटे सासूबाईंनी. दोघींपैकी कोणीच घातलं नव्हतं हे शेवटच्या दिवशी कळलं. टोपली उचलली तर पीठ जसंच्या तसं, त्यावर मुंगीचंसुद्धा पाऊल नव्हतं. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं आणि पाहुण्यांसमोर असलं बोलत नाहीत. गाडीचं तेल उतरायला लागलं ते तेव्हापासून. दिवाकरने हा धागा जोडला नाही. आता मुलाकडेच राहायला आलेल्या अनसूयाबाईंनी मात्र मनात केव्हाच जोडला होता.

वर्कशॉपमध्ये श्रीकांत नावाचा मुलगा गाड्या बघत असे. घर मराठी, पण शाळा, दोस्त सगळे हिंदी, त्यामुळे मराठी समजे आणि बोलताना धडपडे. त्याने गाडी खालून-वरून पाहिली आणि डोकं खाजवलं. "सर, लीकेज नाही, धुआं नाही. ऑइल जाऊन कुठे राहिलं, मला समझच नाही येऊन राहिलं."

मग त्याने कंपनीची रीत सांगितली. तेल काठोकाठ भरायचं. झाकण, खालचा बोल्ट आणि तेल पाहायची पट्टी, तिन्हींवर सील लावायचं. हजार किलोमीटर चालवून गाडी परत आणायची. तेल प्रमाणाबाहेर खाल्लेलं दिसलं तर कंपनी इंजिन बदलून देणार.

"बस, सील टूटना नहीं चाहिए सर. वरून तेल घालायचं नाही. लाल बत्ती लागली तर चालवू नका, मला फोन करा. आणि वॉरंटी खतम व्हायच्या आत आणा, नंतर माझ्या हातात काही नाही."

दिवाकरला आनंद झाला. नियम स्पष्ट असले की त्याला माणसांपेक्षा बरं वाटे. कारण नसताना तो शहरभर गाडी फिरवू लागला.

एकदा दिवेलागणीला विभावरी तुळशीपाशी दिवा लावून वळली आणि तशीच थबकली. "अहो, गाडी चालू ठेवली का?"

किल्ली तर आत खिळ्यावर टांगलेली होती. दिवाकर बाहेर आला. बंद गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, तेलाची लाल खूण पेटली होती. चोच असलेलं बुटकं भांडं, दिव्यासारखंच, आणि चोचीतून पडणारा थेंब. ज्याने ही खूण काढली त्याच्या मनात काय होतं कोण जाणे. त्या उजेडात मागची सीट तांबूस दिसत होती. रिकामीच होती, पण एका बाजूला दबलेली, जणू कोणी आडवं झालं आहे. दिवाकरने दार उघडलं आणि खूण विझली. आतून वास आला, तो इंजिनचा नव्हता. तिळाच्या तेलात जळणाऱ्या वातीचा होता.

तो दोन पावलं मागे सरला. पण तपासनीसच तो, त्याने लगेच कारण शोधलं. वायरिंग.

अनसूयाबाई दारात येऊन उभ्या होत्या. "तेल घाल त्यात," त्या म्हणाल्या.

"आई, कंपनीचं सील आहे."

"काहून असा करून राहिला रे? त्यांचा दिवा विझून राहिला, अन् तू सील पाहून राहिला?"

"बाबांचा दिवा लावला होता ना आपण घरात?"

"घरात ते होतेच कुठे?"

दिवाकर चिडून आत गेला. खरं तर त्याला भीती वाटत होती. कारखान्यातून घरी येताना तो आरशात मागची सीट बघायचं टाळू लागला.

किलोमीटर थोडे उरले होते आणि वॉरंटीही संपत आली होती. मझौलीचं घर झाडून घ्यायचं, असं आईने काढलं. तेवढेच किलोमीटर भरतील म्हणून दिवाकर तयार झाला. घर झाडून, कुलूप लावून दोघं दुपारी परत निघाले. आई मागेच बसली, त्याच कोपऱ्यात, पिशवी पायाशी घेऊन.

वीटभट्टी दिसू लागली आणि लाल खूण पेटली. इंजिनमधून कोरडी घरघर येऊ लागली. दिवाकरचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. निदान सिहोऱ्यापर्यंत तरी पोचू, त्याने मनात म्हटलं.

"थांबव जरा."

त्याने गाडी कडेला घेतली. "थांबवली, आई."

त्याने वळून पाहिलं. आई खिडकीला डोकं टेकून गाढ झोपली होती. त्याने हलवलं तेव्हा तिने डोळे उघडले. "काय झालं? काहून थांबला?"

अनसूयाबाईंनी बाहेर भट्टी पाहिली, मग मुलाचा चेहरा पाहिला, आणि पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घेतली. पिशवीतून पितळी दिवा निघाला, वात निघाली, तिळाच्या तेलाची बाटली आणि पिठाची पुडी. घरून सगळं घेऊनच त्या निघाल्या होत्या. त्यांनी सीटखाली पायपुसण्यावर पीठ पसरलं, वात दक्षिणेकडे केली आणि दिवा लावला. या वेळी दिवाकर वॉरंटीचं बोलला नाही.

रस्त्यावरून ट्रक धडधडत जात होते, गाडी हलत होती, पण ज्योत हलत नव्हती. दिव्यातलं तेल मात्र डोळ्यांदेखत खाली जात होतं. आई ओतत होती आणि ते घोटाघोटाने संपत होतं. "किती तहान ही," अनसूयाबाई पुटपुटल्या. "किती दिवसांची तहान." बाटली अर्ध्यावर आली तेव्हा कुठे तेल दिव्यात टिकायला लागलं.

दिवाकरने श्रीकांतला फोन लावला. तो खूशच झाला. "बत्ती लागली? मग केस पक्की, सर! हात लावू नका. मी ट्रक पाठवतो, गाडी उचलून सीधी वर्कशॉप. नवं इंजिन मिळालं समझा."

अनसूयाबाई ऐकत होत्या. "उचलून नेतील?" त्या म्हणाल्या. "ह्यांच्यासकट?"

दिवाकरने फोन कानापासून दूर धरला. त्याला इंजिन हवं होतं. इतके महिने त्याने दुसरं काही मागितलंच नव्हतं. पण मागे कोपऱ्यात तो इवलासा दिवा होता, आणि त्या दिवशी न थांबलेला मुलगा अखेर थांबला होता. "ट्रक नको," तो फोनवर म्हणाला, आणि मग मागे न बघता, "बाबा, हळूच नेतो."

तसंच त्याने नेलं. लाल खूण सारा रस्ता पेटलेली होती. इंजिनात तेल असावं असं एकही लक्षण नव्हतं, ते केव्हाच आवळून बंद पडायला हवं होतं, पण पडलं नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून शिव्या घालत पुढे जात. दिवाकर सायकलच्या चालीने महाराजपूरला आला आणि गाडी पोर्चमध्ये लावली.

दहा दिवस दिवा गाडीत राहिला, शेजारच्या पिठावर घरातली टोपली झाकलेली. तेल घालायचं काम दिवाकरने कोणाला दिलं नाही. छताच्या कापडावर काजळीचा गोल उमटला, सीटची कड करपली. श्रीकांतचे फोनवर फोन येत होते. "सर, गाडी आणा, वॉरंटी संपून राहिली."

"गाडीत दिवा आहे."

"क्या है सर?"

"दिवा. दहा दिवस हलवता येत नाही."

"पण तोपर्यंत तर..."

"जाऊ दे," दिवाकर म्हणाला. हेमचंद्र काकांनी फाटकातून डोकावून ऐकवलंच, "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं." दिवाकर त्यांच्यावर रागावलासुद्धा नाही.

दहाव्या दिवशी सकाळी दिवा आपणहून विझला. त्यात तेल शिगोशीग होतं. अनसूयाबाईंनी टोपली उचलली. पिठावर एकच पाऊल होतं, मोठ्या माणसाचं, अनवाणी, बोटं दाराकडे. त्यांनी दोन्ही हात जोडले. "उतरले," त्या म्हणाल्या. वडील गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस न काढलेला दिवाकर पोर्चच्या फरशीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

नंतर त्याने स्वतःच्या हाताने सील तोडलं. वॉरंटी संपली होती, राखायचं काही नव्हतं. पट्टी काढून पाहिली तर तेल वरच्या खुणेला टेकलेलं, स्वच्छ, आणि त्याला तिळाचा वास येत होता.

तेव्हापासून गाडी थेंबभरही तेल पीत नाही. कारखान्यात जाण्याआधी दिवाकर अजून रोज बोनेट उघडतो, पट्टी काढतो, पुसतो, पुन्हा बुडवतो आणि उजेडात धरून बघत राहतो. विभावरीला वाटतं, तेल पुन्हा उतरेल म्हणून घाबरतात. तिला तो काही सांगत नाही. केसभर तरी उतरलं असेल, कोणी प्यायलं असेल, या आशेने तो बघतो. तेल रोज काठोकाठ असतं.