पूर्वेच्या फांद्या

सायलूअण्णाने मला फसवलं. सहा वर्षं तो माझेच हरवलेले गळ नवे म्हणून मला देत राहिला आणि मी ते घेत राहिलो. हे आधीच लिहून टाकतो. पुढं त्याच्याविषयी काही बरं लिहिलं गेलंच, तर मी नरमलो असा अर्थ कुणी काढू नये.

तो आठवतो तेव्हा आधी त्याचं बोट दिसतं. उजव्या हाताच्या तर्जनीवर, मधल्या पेराच्या खाली, एक आडवी खाच होती. विहिरीच्या दगडावर दोर जशी पाडतो तशी, नायलॉनच्या तंगूसने वर्षानुवर्षं कोरलेली. काठी तो वापरत नसे. तंगूस त्या खाचेत बसवायचा आणि शिशाच्या डोक्याचा, मागे कोंबड्याची पिसं बांधलेला गळ अलगद पाण्यात सोडायचा. मग डोळे मिटून ऐकायचा. मार्गशीर्षातल्या सकाळी तलावाच्या फुगवट्यावर धुकं रेंगाळलेलं असे, काठच्या बेशरमीच्या जांभळ्या फुलांवर दव जड होऊन लोंबत असे, आणि त्या सगळ्या शांततेच्या मध्यभागी ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसलेला हा उघड्या पाठीचा काळाभोर माणूस पाण्याखालच्या गावाशी बोटाने बोलत असे. शिसं कशावर टेकलं ते त्याला कळायचं. बाभळीत गळ रुततो, म्हणायचा, लिंबावरून घसरतो, आणि चिंच धरते. चिंच सोडत नाही.

ज्या पाण्यावर तो तरंगायचा त्याच्या तळाशी त्याचीच जमीन होती. तलाव भरला त्या वर्षापर्यंत तिथं तो ज्वारी पेरायचा. पुढं नांगराच्या त्याच तासांवरून त्याने ट्यूब चालवली आणि ज्वारीच्या जागी मरळ मासळी काढली. त्याबद्दल त्याच्या तोंडून हळहळ कधी ऐकली नाही. बुडालेल्या गोष्टींविषयी तो हजर असल्यासारखा बोलायचा: इथं बांध आहे, इथं आड आहे, इथं बैल बसतात. सूर्य वर येऊन पाण्यावर पत्र्यासारखा चकाकू लागला की कपाळावर हात धरून तो आपल्या न दिसणाऱ्या शिवाराकडे बघायचा. मालकाची नजर वेगळी असते. ती मला ओळखता येते.

मी देगलूरच्या बाजारात गोणपाटावर कंगवे आणि आरसे मांडून सुरुवात केली. आज जुन्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे, आणि माझ्याकडून कुणी सांगितल्या भावात काही नेलेलं नाही, की मी कुणाकडून आणलेलं नाही. मासेमारी हा माझा एकच शौक. रविवारी पहाटे उठून मी त्या तलावावर जायचो, कारण मरळ बुडलेल्या लाकडात राहते आणि तिथं लाकूड भरपूर होतं. पहिल्याच दिवशी तासाभरात माझे तीन गळ तुटले. चौथा अडकला तेव्हा मी काठावरून शिव्या घातल्या. तेव्हा ट्यूबवरचा तो माणूस वल्हं न थांबवता शांतपणे म्हणाला, "सेठ, तिथं माजं घर हाय. दारातल्या चिंचेला अडकला आसंल."

ओळख झाली ती अशी.

ती चिंच अण्णाने वाचवली होती. तलाव भरण्याआधी पोटातली झाडं तोडायला माणसं आली होती. करवत बुंध्याला लागायच्या आत अण्णाने त्यांना सांगितलं की शेंड्याला आग्या मोहोळ आहे. नव्हतं. दिवसभर तो अंगावर घोंगडं घेऊन झाडापासून लांब बसून राहिला, मधूनच मान खाली घालून धावत सुटायचा. माणसांनी गावातली बाकी सगळी झाडं तोडून खुंट तेवढे ठेवले आणि ही एक चिंच उभी सोडून गेली. त्याने मला हे हसत सांगितलं होतं. हा माणूस जात्याच थापा मारणारा आहे, हे मी त्याच दिवशी ओळखायला हवं होतं.

आमचा व्यवहार असा ठरला. माझ्या दुकानात चाकांच्या तोलाला लावतात त्या शिशाच्या पट्ट्यांचा ढीग पडलेला असायचा. ते शिसं मी अण्णाला द्यायचं, त्याने चुलीवर वितळवून मातीच्या साच्यात गळाची डोकी ओतायची, निम्मी त्याची, निम्मी माझी. माझी डोकी मी दुकानातल्या ट्रॅक्टरच्या लाल रंगाने रंगवायचो. मरळीला लाल दिसतो, आणि माझी वस्तू मला ओळखू येते. त्याच सौद्यात दुकानातली एक फुटकी ट्यूबही मी ठिगळ मारून त्याला दिली होती. दर पावसाळ्यानंतर चिंच पाण्याखाली जायची, नखाएवढा शेंडा वर राहायचा, आणि माझे लाल गळ एकेक करून तिच्यात जायचे. दुसऱ्या वर्षी अण्णा म्हणाला, शिसं आणा, पण डोकी न्यायची झंझट नको, पिसं बांधून, रंगवून तयारच देतो. मरळीला पिवळा लई भावतो. मी विचार केला, माझी मेहनत वाचली. त्याच्या पिवळ्या गळांना घासलेटचा वास यायचा. मला वाटलं, रंगाचा असेल.

गेल्या कार्तिकात एक पिवळा गळ तलावाच्या भिंतीच्या दगडावर आपटला आणि त्याचा टवका उडाला. खाली लाल होता. माझ्या दुकानातल्या डब्यातला, माझ्या हाताने दिलेला लाल.

मग सगळं लख्ख झालं. चैत्रात, मी तिकडं फिरकत नसे तेव्हा, पाणी उतरलं की चिंच खांद्यापर्यंत उघडी पडायची आणि हा माणूस तिच्या फांद्यांत शिरून, बोरं वेचावीत तसे माझे गळ वेचायचा. गंज घासलेटने काढायचा, नवी पिसं बांधायचा, वर पिवळा हात मारायचा आणि मी दिलेल्या नव्या शिशाच्या बदल्यात माझीच जुनी वस्तू माझ्या हातावर ठेवायचा. नवं शिसं कुठं जात होतं, देव जाणे. सहा वर्षं! ज्याच्याशी सौदा करताना अर्धा तालुका दोनदा विचार करतो त्या माणसाला ट्यूबवर बसणाऱ्या एका म्हाताऱ्याने सहा वर्षं खेळवलं.

मी काठावर उभा राहून ओरडलो. जाळी आवरणारी चार माणसं काम सोडून बघत राहिली. अण्णा वल्हवत आला, गळ हातात घेऊन उन्हाकडे धरला, नखाने आणखी थोडा पिवळा खरवडला आणि मान हलवली.

"हाव. रंग चांगला हाय तुमचा. इतकी वर्सं पान्यात, पन सुटला न्हाई."

मी म्हणालो, शिसं माझं, रंग माझा, आणि ज्या ट्यूबवर बसून हे काढलं ती ट्यूबही माझीच.

"अन् चिंच?" त्याने विचारलं.

उत्तराची वाट न बघता तोच म्हणाला, "चेट्टूनं धरलं ते चेट्टूचं, सेठ. अन् चेट्टू माजं हाय. तुमचा हात सुटला, तितंच इषय संपला." रागात किंवा आग्रहात तो अर्धा तेलुगू व्हायचा, झाड त्याच्या तोंडात चेट्टू व्हायचं.

काठावरची माणसं हसली. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरलं, आणि डोकं फिरलं की मला एकच गोष्ट येते. मी सौद्याला बसलो. सकाळपासून ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही त्या पाण्याखालच्या झाडासाठी भांडलो. मी म्हणालो सगळं माझं, तो म्हणाला काहीच नाही. मी निम्म्यावर आलो. त्याने तंबाखू मळली, खाल्ली, थुंकली आणि मग बोटाने हवेत झाड काढलं, एकेक फांदी, जणू ते समोर हिरवंगार उभं आहे. पूर्वेच्या फांद्या माझ्या, पश्चिमेच्या त्याच्या. चैत्रात पाणी उतरलं की दोघांनी मिळून त्यांतले गळ काढायचे. पूर्वेकडच्या जास्त लांब होत्या, हे मला ठाऊक होतं. मीच तिकडून गळ टाकायचो. त्यालाही ठाऊक होतं. तरी त्याने त्या दिल्या. हे मला त्या दिवशी खटकलं आणि अजून खटकतं.

"अन् मधला बुंधा?" मी विचारलं. मी काहीही सोडत नाही.

"त्यो कुनाचाच न्हाई. त्यो राहू द्या."

चार माणसांसमोर ठरलं. त्यानंतर मी हिवाळाभर तलावावर गेलो नाही. राग होता, आणि चैत्र यायचा होता.

माघात कळलं की दम वाढला म्हणून मुलीने त्याला उदगीरला नेलं होतं आणि तो तिथंच गेला. पाण्यापासून लांब, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत. मी गेलो नाही. भांडण अर्धं ठेवून निघून गेलेल्या माणसासमोर हात जोडून काय उभं राहायचं?

चैत्रात पाणी उतरलं, या वर्षी पार तळापर्यंत. गाळपेऱ्याची काकडी, टरबुजं तलावाच्या पोटात पसरली. मी पक्कड आणि पोतं घेऊन, गुडघाभर चिखल तुडवत, ठरल्याप्रमाणे पूर्वेकडून निघालो. चिंच नव्हती. चिखलाच्या वर हातभर बुंधा होता, नुकताच करवतलेला. आतला गाभा अजून तांबूस, आणि भोवती ओल्या मातीत भुसा, त्यावर मुंग्यांची रांग. त्या बुंध्याला मी हात लावला. इतकी वर्षं मी तिला शिशाच्या टकटकीतून ओळखत होतो. ती इतकी रुंद असेल, असं वाटलं नव्हतं.

मासेमारीचा ठेका नव्या माणसाकडे गेला होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. अदबीने म्हणाला, "जाळी फाटत होती, सेठ. वीटभट्टीवाल्याला देऊन टाकली. पाण्यातल्या वाळक्या लाकडाला मालक असतो का?" मग माझं तोंड बघून त्याने बाजारातून आणलेल्या नव्या चकचकीत गळांचा आख्खा डबा पुढं सरकवला. आयुष्यात पहिल्यांदा समोरून आलेला सौदा मी घासाघीस न करता परत केला.

वीटभट्टीवर पोहोचलो तेव्हा भट्टी पेटलेली होती. दुपारच्या उन्हात तिच्यावरची हवा पाण्यासारखी थरथरत होती. आत कुठंतरी माझं शिसं थेंब थेंब ओघळून विटांत शिरत असणार. कुणाच्या तरी घराच्या भिंतीत तो थेंब आता पन्नास वर्षं बसेल, आणि त्या घरातल्या कुणाला कधी कळणार नाही. मी तिथं उभा राहिलो आणि एकच गोष्ट मनात आली, जी मला आवडली नाही: करवत आली त्या दिवशी मी तिथं असतो, तर मीही मोहोळ आहे म्हणून सांगितलं असतं. अंगावर घोंगडं घेऊन धावलो असतो, या वयात, या पोटासकट.

आता पाणी पुन्हा चढलं आहे. मी रविवारी जातो. पूर्वेकडून गळ टाकतो, तंगूस बोटावर घेतो, ऐकतो. गळ कशालाही न अडकता खाली जातो आणि जसाच्या तसा परत येतो. पूर्वी हरवायचा तेव्हा तिथं कुणीतरी धरणारं होतं. आता हरवत नाही, आणि हे नुकसान कुणाला दाखवावं ते मला कळत नाही. काळ सगळं बुडवतो असं म्हणणाऱ्यांनी या तलावावर येऊन बघावं. बुडालेलं इथं वीस वर्षं ताठ उभं होतं. ते कापलं एका माणसाने, एका सकाळी, कोरड्यात.

मधला बुंधा कुणाचाच नाही, हे मला मान्य होतं आणि आहे. तो तिथंच आहे, राहू द्या. पण पूर्वेच्या फांद्या माझ्या ठरल्या होत्या, भर दुपारी, चार माणसांसमोर. ज्याने कापल्या त्याने माझ्यासमोर यावं. नाहीतर जो शब्द देऊन उदगीरला निघून गेला, त्याने यावं. दोघांपैकी एकाने मला सांगायलाच हवं: माझ्या फांद्या कुठं आहेत?