एकविसावी फुली

बाबा गेले त्या दिवशी त्यांच्या गळ्यात मी बनवलेलं लॉकेट होतं आणि त्याच्या बॅटरीत ब्याण्णव टक्के जीव शिल्लक होता. भेटायला येणाऱ्या सगळ्यांना मी हेच सांगत होतो. "किती वर्षांचे होते?" असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, "ब्याण्णव." एक लांबचे काका म्हणाले, "अरे वा, म्हणजे भरपूर जगले." बाबा एकोणसत्तरचे होते. काकांना दुरुस्त करायचा मला कंटाळा आला.

लॉकेट म्हणजे मोठ्या कोटाच्या गुंडीएवढं एक बटण. त्याच्या पोटात गोल सर्किट बोर्ड आणि बोर्डावर नखाएवढं मॉड्यूल. त्या नखात एक अख्खा संगणक आणि एक बिनतारी रेडिओ मावतो. आमच्या ऑफिसात त्या मॉड्यूलला 'झोपाळू' म्हणतात, कारण तो जवळजवळ सगळा दिवस झोपलेला असतो आणि म्हणून त्याला वीज लागत नाही. कुणी बटण दाबलं की तो दचकून उठतो, "दाबलं, दाबलं, दाबलं" असं हवेत तीनदा ओरडतो, आजवर किती वेळा उठवलं तो आकडा एकाने वाढवून स्वतःपाशी लिहितो आणि पुन्हा आडवा होतो. आमच्या धंद्यात ही आदर्श वागणूक समजली जाते. घरी मी तशीच वागणूक ठेवली तर आई पांघरूण ओढते.

झोपाळूचं ओरडणं ऐकायला स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक डबा ठेवला होता. ऐकू आलं की डब्यावर हिरवा दिवा लागायचा, पिप वाजायचं आणि डबाही आपला आकडा एकाने वाढवायचा.

दीड वर्षापूर्वी बाबांना पक्षाघाताचा पहिला झटका आला, सौम्य, तेव्हा मी हे बनवलं. बाबा शिंपी. चाळीस वर्षं दुकान चालवून निवृत्त झालेले. लॉकेट हातात घेऊन त्यांनी ते उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, याला चार भोकं का नाहीत?" मग स्वतःच दोरी शिवून गळ्यात घातलं. पुढे चहा हवा असला तरी तेच दाबायचे. आईनेही मागितलं होतं. तिचे गुडघे त्याच्या आधीच संपावर गेले होते, जिना तिने सोडलेलाच होता आणि गच्चीवरचे कपडे माझ्याकडे आले होते. मी तिला म्हटलं, दुसरं बनवतो. अजून बनवतोय.

त्या दुपारी आई ओट्याशी शेंगा मोडत होती, रेडिओ चालू होता. बाबा बोळकंडीच्या दुसऱ्या टोकाला, न्हाणीघराच्या दारात पडले. आई चाळीस मिनिटांनी त्यांना चहा विचारायला गेली. डबा तोवर गप्प होता.

डॉक्टर म्हणाले, "वाचा आधी गेली असणार. लवकर कळलं असतं तर..." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य दुसऱ्या दिशेला वळवलं, "तरी काही सांगता येत नाही म्हणा."

मला तेव्हापासून एवढंच कळायला हवं होतं, की बाबांनी दाबलं होतं का. दाबलं नसेल तर ते नुसते गेले, जशी माणसं जातात. दाबलं असेल तर बोळकंडीच्या एका टोकाला झोपाळू ओरडला आणि दुसऱ्या टोकाला आई शेंगा मोडत राहिली, आणि मधल्या हवेचं काम माझ्याकडे होतं.

नवव्या दिवशी मी कामावर गेलो. रडू येत नव्हतं. दाढेचं इंजेक्शन दिल्यावर गाल जसा दुसऱ्याचा वाटतो, तसा मी सगळाच वाटत होतो. स्वतःला बसमध्ये बसवलं, ऑफिसपाशी उतरवलं. लॉकेट खिशात होतं.

आमचं ऑफिस म्हणजे चार टेबलं, बोर्ड भाजायची एक भट्टी आणि साहेब. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तीन सेकंद ठेवला, आणि म्हणाले, "वाईट झालं. बरं, वृद्धाश्रमाचं काम आलंय. पाचशे लॉकेटं. तुझं घरचंच डिझाइन देऊन टाकू. चार वाजता फाइल कारखान्यात जायला हवी."

"घरचंच?"

"दीड वर्ष चाललं ना? एक तक्रार नाही."

हे खरं होतं. तक्रार एकही नव्हती.

नमुना म्हणून मी लॉकेट सोल्डरताईंकडे दिलं. त्यांना आम्ही सोल्डरताई म्हणतो, कारण डोळ्याला न दिसणाऱ्या गोष्टी त्या एका हाताने चिकटवतात आणि दुसऱ्या हाताने फोनवर नणंदेशी भांडतात. त्यांनी झाकण काढून बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि फोनमध्ये म्हणाल्या, "थांबा हो वन्सं, ठेवते." हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

"इकडे ये रे. या झोपाळूच्या डोक्याखाली काय चमकतंय?"

मी डोळा लावला. तांबं होतं.

झोपाळूच्या एका कडेला नागमोडी रेघ असते, ती त्याची अँटेना. तिच्याखाली बोर्डावर तांबं असता कामा नये. तांबं असलं की त्याचं ओरडणं उशीत तोंड खुपसून ओरडल्यासारखं होतं. हे मॉड्यूलबरोबर येणाऱ्या कागदात लिहिलेलं असतं, ठळक, चौकटीत. मी तो कागद वाचला होता. तेवढी जागा मी राखूनही ठेवली होती. पण मग बोर्ड गोल करताना झोपाळूला चार मिलिमीटर खाली सरकवलं आणि संगणकावर, उरलेली सगळी जागा तांब्याने भरणारं, "तांबं पुन्हा भरा" हे बटण दाबलं. राखीव जागा तिथेच राहिली, झोपाळू तेवढा सरकला. रिकाम्या बसमध्ये रुमाल एका सीटवर टाकून दुसऱ्याच सीटवर बसावं, तसं.

"तपासलं नव्हतंस?" ताईंनी विचारलं.

"तपासलं होतं."

"कुठे?"

"इथेच. माझ्या टेबलावरून तुमच्या टेबलावर."

ताईंनी दोन टेबलांमधलं अंतर पाहिलं. तिथे एक स्टूल मावत होतं, तेही तिरकं. मग त्या काही बोलल्या नाहीत. सोल्डरताई आणि न बोलणं, तेही एकाच दिवशी दोनदा. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की काहीतरी झालंय.

फाइल दुरुस्त करायला सात मिनिटं लागली. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"काय बदललंस?"

"चार मिलिमीटर."

"चालत्या वस्तूला कशाला बोट लावायचं?"

"चालत नव्हती, साहेब."

"तुला कोण म्हणालं?"

याचं उत्तर देणारा माणूस नव्हता, म्हणून मी फाइल पाठवून दिली. चार वाजायला पाच मिनिटं होती. साहेब खूश झाले.

मग ताईंनी बोर्डाला केसाएवढ्या चार तारा जोडून दिल्या आणि मी झोपाळूला विचारलं, तुला किती वेळा उठवलं? त्याने सांगितलं, एक हजार तीनशे सहा.

"आणि शेवटचं कधी?" ताई म्हणाल्या.

"ते तो लिहीत नाही. वेळ लक्षात ठेवायची तर सारखं थोडं जागं राहावं लागतं. वीज जाते."

"मग?"

"म्हणून मी ते काढून टाकलं. त्यामुळे तर ब्याण्णव टक्के उरले."

ताईंनी तारा सोडवल्या आणि ब्लेडने अँटेनाखालचं तांबं हळूहळू खरवडून काढलं, वांगं भाजल्यावर साल काढतात तसं. झाकण लावून लॉकेट माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "घरी जा."

घरी जाऊन मी चपला न काढताच ओट्याशी गेलो आणि डब्याचा आकडा पाहिला. एक हजार दोनशे पासष्ट. वजाबाकी मी कागदावर केली, मनात केलेली मला खरी वाटेना. एक्केचाळीस. एक्केचाळीस वेळा बाबांनी दाबलं आणि डब्याला ऐकू गेलं नाही.

आई भाजी चिरत होती. "चपला," ती म्हणाली.

"आई, लॉकेट बिघडलेलं होतं. पहिल्या दिवसापासून. जवळून तेवढं लागायचं."

"हो," आई म्हणाली. "खुर्चीतून लागायचं. पलंगावरून लागायचं, पण डाव्या कुशीवर."

मी चपला काढल्या.

"तुम्हा दोघांना माहीत होतं?"

"तू दिलंस त्याच्या दुसऱ्याच दिवशी कळलं. तू कामावर होतास. हे म्हणाले, कपडा दिला की एकदा घालून फिरून बघायचं असतं. सगळं घर फिरले. मी इथे उभी राहून ओरडत होते, लागला, नाही लागला, लागला, नाही लागला. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या, कसली लॉटरी लागतेय."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"हे नको म्हणाले. म्हणाले, पोरगा ऑफिसात सगळ्यांना दाखवतोय. अंगात बसत नसेल तर आपण थोडं आवरून बसू." आईने सुरी खाली ठेवली. "म्हणून तर दिवसभर त्या खुर्चीत बसायचे. नाहीतर त्यांना ती खुर्ची कुठे आवडायची? कंबर धरायची त्यांची."

दीड वर्ष मला वाटत होतं की बाबांना खिडकीतून रस्ता बघायला आवडतं.

"खुणा आहेत अजून," आई म्हणाली. "मी पुसताना वगळते."

खुणा शिंप्याच्या निळ्या खडूच्या होत्या, कमरेच्या उंचीवर, भिंतींवर, दारांच्या चौकटींवर. मी त्या रोज बघत होतो. मला वाटायचं, कुठलं तरी रंगकाम ठरतंय. जिथे लागला तिथे बरोबरची खूण, जिथे नाही लागला तिथे फुली. ऑफिसात आम्ही अशा तपासणीसाठी माणूस पाठवतो आणि त्याचा अहवाल याच्या निम्माही नसतो. मी फुल्या मोजत निघालो. मागच्या खोलीत सात. देवडीत तीन. बोळकंडीत आठ. त्यापुढे आणखी दोन न्हाणीघराच्या दाराशी, एक आत आणि एक बाहेर. बाहेरची जिथे ते पडले तिथेच होती, हाताच्या अंतरावर. म्हणजे तिथून लागत नाही हे बाबांना माहीत होतं. ते त्यांनीच लिहून ठेवलं होतं.

"वीस," मी परत येऊन म्हणालो. "आणि न पोचलेले एक्केचाळीस."

"प्रत्येक ठिकाणी दोनदा दाबायचे," आई म्हणाली. "एकदा मोजलेलं माप त्यांनी कधी धरलंय का? लग्नाआधी मला बघायलासुद्धा दोनदा आले होते."

"म्हणजे चाळीस."

"चाळीस."

भाजी अर्धी चिरलेली होती. मी कागदावरची वजाबाकी पुन्हा करून पाहिली. आकडा तोच आला, आकड्यांना दुसरं काही येतही नाही. एखादा संदेश हवेत असाच हरवू शकतो, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. तेव्हा मला ते पटतं.

आई माझ्याकडे पाहत होती. आयुष्यभर बाबांच्या दुकानाची बटणं तिनेच मोजून दिलेली, तिला विषम आकडा समजावून सांगायची गरज नव्हती.

"एकदा मी दाबलं होतं," ती म्हणाली.

"तू?"

"हो. मागे एकदा. हे आंघोळीला गेले होते, काढून ठेवलं होतं. म्हटलं, बघू तर. नाही लागला."

"कुठून?"

आईने सुरी उचलली आणि भाजी चिरायला लागली. "गच्चीवरून. कपडे वाळत घालायला गेले होते तेव्हा."

मी तिच्या गुडघ्यांकडे पाहिलं नाही. ओट्याखालच्या डब्यांकडे पाहिलं. तिथे डाळी होत्या.

"एकदाच दाबलंस?" मी विचारलं.

"मी काय तुझ्या बाबांसारखी दोनदोनदा मोजत बसू? मला कामं असतात."

"मग एक्केचाळीस बरोबर येतात."

"येणारच," आई म्हणाली. "आता ते दुरुस्त झालंय का?"

"झालंय."

"मग जा, दाबून बघ. मी आहे इथे."

मी बोळकंडीच्या टोकाला गेलो, न्हाणीघराच्या दाराशी, आणि लॉकेट दाबलं. लांब ओट्यावर पिप झालं.

"लागला," आई ओरडली.

पुन्हा दाबलं.

"लागला."

तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा ती काही ओरडली नाही. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. भाजीला एवढं पाणी लागत नाही.

मी बाबांच्या शिवणाच्या डब्यातून निळा खडू घेतला, जिना चढून गच्चीवर गेलो आणि कपड्यांच्या दोरीशेजारच्या कठड्यावर, कमरेच्या उंचीवर, एक फुली मारली.