राहिलेलं एक नाव

मित्रांनो, मी चाकूरचा एक जुना ट्रान्झिस्टर आहे. तुमच्या शाळेच्या कपाटात बसलोय, पण जीव काही थाऱ्यावर नाही.

कारखान्यातून निघालो तो ईश्वरप्पांच्या हॉटेलात आलो. काय तो मान! दर बुधवारी संध्याकाळी गाजलेल्या गाण्यांची क्रमवारी लागायची आणि मागोमाग श्रोत्यांच्या फर्माइशी, त्यांच्या नावांसकट. कोणतं चढलं, कोणतं घसरलं, ते ईश्वरप्पा खडूनं दारावर लिहायचे. गिटारच्या तालावर नाचवणारं एक नवं गाणं आलं, तेव्हा तर भजनी म्हातारेही पाय हलवू लागले.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं. त्या कामावरची पंचशीला हॉटेलाबाहेरच्या दगडावर बसून ऐकायची. तिचा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असे. मला चीड यायची, पण माझ्या हातात काय होतं? टोळीत लिहिता येणारी तेवढी तीच. तिनं त्या गाण्याच्या फर्माइशीचं कार्ड लिहिलं. भामाबाई, केरबा, सिंधू, सगळ्यांची नावं घातली आणि आपलं शेवटी.

"समद्यांसंगं माझंबी नाव रेडिओत येईल," एवढीच तिची आस.

माझे सेल संपत आले होते. ईश्वरप्पांनी नवे आणायचे सोडून जुनेच उन्हात तापवून घातले. बुधवारी नावं सुरू झाली. "चाकूरहून भामाबाई, केरबा, सिंधू..." आणि माझा आवाजच बसला. जीव तोडून ओढला, पण छे!

पंचशीला दारात आली. "माझं आलं का?"

"आलं की गं! मी ऐकलं न्हवं का," ईश्वरप्पांच्या घरच्या शरणम्मा म्हणाल्या.

"हाव का," म्हणून ती हसली, पण तिला कळलं होतं. तेव्हापासून मला चैन नाही.

पुढं लातूर नवा जिल्हा झाला. घरोघर टेप आले आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो. एक दिवस पंचशीला शिकूनसवरून बाई होऊन चाकूरच्या शाळेत आली. शरणम्मांनी तिला घरात बोलावलं, आतल्या कपात चहा दिला. तो पिऊन ती म्हणाली, "मावशी, तुमचा तो रेडिओ मला द्या. त्याच्याकडं माझं नाव राहिलंय."

मित्रांनो, परवा तुम्ही बाईंना न सांगता फर्माइशीचं कार्ड लिहिलंत, ते मी कपाटातून पाहिलं. सगळ्या वर्गाची नावं आणि सगळ्यांत आधी बाईंचं. शाब्बास! आता एवढंच करा, बुधवारच्या आत मला सेल घाला. नवे घाला रे, उन्हात तापवलेले नकोत.